सिकलसेलला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा की सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराला मराठी शब्द कोणता आणि नुसतं 'रक्तक्षय' म्हटलं तर चालेल का.

रक्तक्षय एकटा नाही चालणार. ऐकणाऱ्याला वाटतं अंगात रक्त कमी आहे, मग लगेच बीट खा, गूळ-शेंगदाणे खा सुरू होतं. रक्त कमी होतं हे खरंय, नेहमीची तांबडी पेशी १२० दिवस टिकते आणि सिकलसेलमधली १०-२० दिवसांत फुटते, पण पेशंट रात्रभर कळवळतो तो रक्त तुंबल्यामुळे.

सिकल म्हणजे विळा, आमच्या विदर्भात इळा. १९१० साली शिकागोच्या हेरिक या डॉक्टरांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका डेंटलच्या विद्यार्थ्याच्या रक्तातल्या विळ्यासारख्या पेशींचं वर्णन छापलं, तिथून ही उपमा आली. 'सिकल सेल अॅनिमिया' हे नाव मात्र १९२२ चं, मेसन यांचं. म्हणून कोयतापेशी नको, कोयता जड असतो, ऊस तोडायचा, आणि इथे पाहिजे ते बारीक, वाकडं, टोकाला निमुळतं पातं. संस्कृत दात्र वरून दात्रपेशी होईल पण दात्र म्हणजे विळा हे आज कुणाला सांगितल्याशिवाय कळणार?

आकार महत्त्वाचा का, तर निरोगी पेशी मऊ असते, केशवाहिनी, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिनी, तिच्यापेक्षा अरुंद असली तरी दुमडून निघून जाते. या आजारात आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलेलं असतं, पेशीत ऑक्सिजन वाहणारं प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन, त्याच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिड या कडीऐवजी व्हॅलिन ही कडी बसते, एवढाच फरक. पण ऑक्सिजन सोडला की ते हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोर बनतात, पेशी आतून ताणून ताठ होते आणि वळणावर अडकते, मग मागच्याही तिला येऊन चिकटतात, पाटात काटक्या आडव्या पडल्या की पाणी तुंबतं ना तसं, आणि पुढच्या भागाला रक्तच मिळत नाही. तान्ह्या बाळाचे दोन्ही पंजे टम्म सुजतात, बोट लावलं तरी किंचाळतं. पांथरी (प्लीहा) आधी फुगते, नंतर आक्रसून निकामी होते. मोठेपणी खुब्याचं हाड झिजतं, कुणाला लहानपणीच पॅरालिसिस. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, कशानेही दुखणं उसळतं.

म्हणून मी बोलताना 'विळापेशीचा आजार' म्हणतो, आणि त्या दुखण्याला 'रक्त तुंबणं', ऐकल्याबरोबर समजतं. गडचिरोली-चंद्रपूरकडे लोक दोन्ही पालकांकडून जनुक आलं असेल तर सरळ 'एसएस पॅटर्न' म्हणतात, एकाच पालकाकडून जनुक आलं असेल तर 'एएस', तेही उत्तम, कारण एएसवाला सहसा आजारी नसतो आणि दोन शब्दांत हा फरक कळतो. दवाखान्याच्या कागदावर मात्र सिकलसेल एसएस असंच लिहा, इमर्जन्सीत समोरच्या डॉक्टरला तेच कळलं पाहिजे.