वडिलांची ऑनलाइन खरेदी थांबवू नका, 'कस्टमर केअर' शोधणं थांबवा

तुम्ही विचारलंय की वडील खेड्यात कापूस-तूर करतात, आताशा फवारणी पंपापासून चपलेपर्यंत सगळं मोबाइलवरून मागवतात, तर त्यांना अडवावं का? मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. अडवू नका. पंपाच्या एका नोझलसाठी तालुक्याला जायचं म्हणजे एसटीचं भाडं गेलं आणि ऐन फवारणीत दिवसही गेला. तीच वस्तू फोनवर मिळते, बरेचदा स्वस्तात.

फक्त आमच्याकडे डिलिव्हरीवाला गावात येत नाही, फाट्यावर बोलावतो. तो घाईत, आपण उन्हात. खोकं न उघडताच पैसे दिले जातात. फेसबुकवरच्या जाहिरातीतून मागवलेल्या मालात हे हमखास नडतं, कारण आत भलतंच काही निघालं तर विकणारा सापडत नाही. 'कॅश ऑन डिलिव्हरी आहे, मग भीती कशाची?' हा समज वडिलांच्या डोक्यातून काढा. घ्यायचं तर ओळखीच्या ॲपवरूनच.

पण मोठी रक्कम जाते ती खरेदीनंतर. वस्तू खराब निघते, माणूस गूगलवर 'कस्टमर केअर' शोधतो, आणि तिथे ठगांनी टाकलेले नंबर असतात. आमच्या गावच्या एका काकांना असंच पंपाचे पैसे परत हवे होते. पलीकडचा हिंदीत अगदी आदबीनं बोलला, एक ॲप टाकायला लावलं, मग 'रिफंडसाठी' यूपीआय पिन. त्या ॲपमधून फोनची अख्खी स्क्रीन त्याला दिसत होती. कापसाचे चुकारे नुकतेच जमा झाले होते, ते गेले. काकू केंद्रात बसून रडत होत्या, ते अजून आठवलं की जीव तुटतो.

म्हणून वडिलांकडून हे पाठच करून घ्या: पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. परतीची तक्रार ॲपमधल्या ऑर्डरवरूनच करायची. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल, उघडायची नाही, मग ती कोणाकडूनही येवो.

तरीही पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन करायचा आणि बँकेला कळवायचं. लाज वाटते म्हणून लोक सकाळपर्यंत थांबतात, तोवर रक्कम दहा खात्यांत फिरलेली असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पिन-ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. माल खराब निघाला आणि विकणारा ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

बियाणं आणि फवारणीचं औषध मात्र फोनवरच्या जाहिरातीतून अजिबात नको. उगवण झाली नाही तर कृषी कार्यालयात पहिल्यांदा पक्कं बिल आणि लॉट नंबर विचारतात. परवाना असलेल्या कृषी केंद्रातूनच घ्या, आणि पिशवी, टॅग, मूठभर बियाणं हंगाम संपेपर्यंत घरात जपून ठेवायला सांगा.