वाचकांचे प्रश्न : खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी लाकडी स्टँड

प्रश्न : परभणीच्या आमच्या घरी बैठकीच्या खोलीत ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी सागरी माशांची काचेची टाकी ठेवायची आहे. लोखंडी स्टँड खाऱ्या पाण्याने गंजतो, म्हणून लाकडी स्टँड घरीच करायचे ठरवले आहे. शेतातली बाभूळ चार महिन्यांपूर्वी तोडली होती, तिचे लाकूड पडून आहे. ते चालेल का? सुतार म्हणतात की खिळे ठोकून दोन दिवसांत काम होईल. खोलीत जुनी शहाबादी फरशी आहे.

उत्तर : आधी वजनाचा हिशेब मांडू. आपल्या टाकीचे आकारमान ९ घनफूट, म्हणजे काठोकाठ भरल्यास सुमारे २५५ लिटर होते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असल्याने नुसते पाणीच २६० किलोच्या आसपास जाईल. १० मिलिमीटर जाडीची काच धरली तर तिचे सुमारे ५० किलो, शिवाय दगड आणि वाळू. म्हणजे स्टँडच्या माथ्यावर साडेतीनशे किलोंच्या आसपास भार रात्रंदिवस राहणार आहे.

एवढे वजन चांगले लाकूड सहज पेलते, मात्र ते लाकडावरून लाकडावर उतरत थेट जमिनीत गेले पाहिजे. वरच्या चौकटीचे आडवे दांडे पायांच्या डोक्यावर टेकवावेत किंवा पायात खाच पाडून त्या खाचेत बसवावेत. पाय उभे करून दांडे बाजूने खिळ्यांनी जोडले, तर सगळा भार त्या खिळ्यांवर लोंबकळत राहतो आणि मीठ नेमके तिथेच पोहोचते. म्हणून सुतारांना खिळ्यांऐवजी ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि पाण्यात टिकणारा मरीन गोंद वापरण्यास सांगावे, आणि स्क्रूचे काम सांधा धरून ठेवण्यापुरतेच राहील असे पाहावे. दोन दिवसांत हे होणार नाही, तशी घाई करूही नये.

दांडा कसा बसवला आहे, यावर फार काही अवलंबून असते. २ × ४ इंची दांडा आडवा पसरून ठेवला तर तो जेवढा वाकतो, त्याच्या केवळ चौथा हिस्सा तो ४ इंचांची बाजू उभी ठेवून बसवल्यास वाकतो. लाकूड तेच, खर्च तोच. अशा दोन उभ्या दांड्यांखाली मध्ये आणखी एकेक पाय दिला, तर चार फुटांच्या लांबीत झोल राहण्याची काळजीच उरत नाही. उभा भार सोसणारा स्टँडही बाजूने ढकलला गेल्यास कलू शकतो, म्हणून पाठीमागे आणि दोन्ही बगलांना पूर्ण प्लायवूड गोंद-स्क्रूने बसवावे. गुण्या लावून चारही कोपरे काटकोनात आहेत याची खात्री झाल्यावरच गोंद सुकू द्यावा.

आता बाभळीविषयी. बाभूळ कणखर असते, औताला आणि गाडीला ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली आहे. पण चार महिन्यांचे लाकूड अजून ओलेच समजावे. उघड्यावर सुकवताना जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष हा जुना ठोकताळा आहे, आणि परभणीच्या उन्हात ते टाकले तर लवकर सुकण्यापेक्षा तडकण्याचीच शक्यता अधिक. सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळती राहील असे रचून ठेवावे आणि पुढच्या एखाद्या कामाला घ्यावे. स्टँडसाठी वाळलेला, गाभ्याचा सागवान घ्यावा. किनवटच्या जंगलामुळे आपल्या भागाला सागवान परका नाही.

माथ्यासाठी मात्र अखंड फळी नको. मराठवाड्यातली वैशाखातली कोरडी हवा आणि श्रावणातला दमटपणा यांत लाकूड रुंदीत आकसते आणि फुगते, लांबीत जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे पायांची उंची कायम राहते, पण रुंद फळी वाकडी होते. तिथे १९ मिलिमीटरचे आयएस ७१० प्रतीचे मरीन प्लायवूडच योग्य. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, कारण पाण्याचे थेंब सांडत राहिले की ते फुगून भुसभुशीत होतात.

प्लायच्या कापलेल्या कडा, पायांचे तळ आणि स्क्रूची भोके यांना इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) वॉर्निशचे दोन-तीन हात जोडणीपूर्वीच द्यावेत. एकदा जोडणी झाली की तिथे ब्रश पोहोचत नाही. पाणी उडाल्यावर मागे राहणारे मीठ ओल धरून ठेवते, म्हणून आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने पिळलेल्या फडक्याने स्टँड पुसावा. खाली संप, म्हणजे पाणी गाळण्याची दुसरी छोटी टाकी, ठेवणार असल्यास पाठीच्या प्लायला मोठी भोके ठेवावीत, आणि विजेचा बोर्ड संपच्या डोक्यावर न लावता स्टँडबाहेर उंच लावावा.

शहाबादी फरशी क्वचितच सपाट असते. रिकामा स्टँड जागेवर ठेवून पाणसळ दोन्ही दिशांनी लावावी आणि ज्या पायाखाली फट दिसेल तिथे सागाची किंवा कठीण प्लास्टिकची पट्टी सरकवावी. टाकीखाली कागदाच्या घड्या घालून तोल साधू नये. टाकीचा तळ सपाट काचेचा असेल, तर माथा आणि काच यांच्यामध्ये १० मिलिमीटरचे थर्माकोल घालावे. स्टँड मागच्या भिंतीला क्लॅम्पने बांधावा. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्या प्रदेशाने अनुभवला, तिथे ही खबरदारी अनाठायी म्हणता येणार नाही. शेवटी मीठ न घालता साधे पाणी भरून टाकी आठवडाभर तशीच ठेवावी आणि रोज पाणसळ लावून पाहावी.

प्रश्न : बीडला आमच्याकडे वाळवीचा त्रास आहे. लाकडी स्टँडला वाळवीचे औषध लावले तर चालेल का?

उत्तर : टाकीजवळ लावू नये. क्लोरपायरिफॉससारखी कीटकनाशके माशांना घातक असतात, आणि कोळंबी व खेकड्यांना तर त्यांचा अगदी अल्प अंशही पुरतो. त्याऐवजी गाभ्याचा सागवान वापरून प्रत्येक पाय दगडी ठोकळ्यावर उभा करावा आणि स्टँडखाली टॉर्च टाकून पाहता येईल एवढी जागा मोकळी ठेवावी. तळाशी वाळवीने केलेली मातीची नळी दिसली, तर ती लगेच खरवडून ती कुठल्या भेगेतून आली ते शोधावे आणि ती भेग सिमेंटने बुजवावी.