व्हेंटिलेटरची सवय लागते का?

प्रश्न : माझे सासरे, वय ६८, न्यूमोनियामुळे ११ दिवस ठाण्याच्या एका हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर आहेत. मशीन काढायची ट्रायल घेतली पण २० मिनिटांत परत लावलं. नातेवाईक म्हणतात आता सवय लागली, सुटणार नाही. डॉक्टर रोज बरगडीवर सोनोग्राफी करतात, ती कशाला?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : ताई, आधी ते सवयीचं डोक्यातून काढा. दारू-तंबाखूसारखं व्यसन नाही लागत व्हेंटिलेटरचं. होतं काय की श्वास घेणारा मुख्य स्नायू म्हणजे डायफ्राम, पोट आणि छातीच्या मधला पडदा, तो मशीन सगळं काम करतंय म्हटल्यावर बसून राहतो आणि वाळतो, प्लास्टर काढल्यावर पाय कसा काटकुळा दिसतो तसंच, फक्त हे फार लवकर होतं. २००८ साली छापून आलेल्या एका अभ्यासात १८ ते ६९ तास पूर्ण मशीनवर असलेल्या ब्रेनडेड दात्यांच्या डायफ्रामचे तंतू निम्म्याहून जास्त बारीक झालेले दिसले. आणि उलट मदत एकदम कमी केली तर तोच अशक्त स्नायू दमतो. म्हणून डॉक्टर मधला रस्ता शोधतायत.

ट्रायलमध्ये साधारण अर्धा ते दोन तास मदत अगदी कमी ठेवून बघतात. एक जुना हिशोब आहे, मिनिटाला किती श्वास भागिले एका श्वासात किती लिटर हवा, १०५ च्या वर गेलं तर काळजी. म्हणजे ३५ श्वास आणि पाव लिटर हवा असेल तर १४०. पण हा आकडा फक्त श्वास कसा चाललाय ते सांगतो, त्यासाठी स्नायू किती राबतोय ते नाही सांगत, आणि माणूस बराच वेळ सगळा जोर लावून मॉनिटर ठीक ठेवू शकतो!

सोनोग्राफी त्याचसाठी. श्वास घेताना डायफ्राम किती जाड होतो ते दिसतं, साधारण ३० टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त वाढ झाली तर बरं लक्षण मानतात. काही ठिकाणी छातीवर ईसीजीसारखे पॅड लावून किंवा नाकातल्या फीडिंगच्या नळीसारख्याच पण इलेक्ट्रोड असलेल्या नळीतून स्नायूची वीज मोजतात, त्याला ईएमजी म्हणतात. त्यात एकट्या आकड्याला अर्थ नाही कारण प्रत्येकाचा वेगळा, त्याच पेशंटचा काल किती आज किती हे बघायचं. सिग्नल वाढत चाललाय आणि हवा मात्र तेवढीच किंवा कमी येतेय, म्हणजे स्नायू ओझ्याखाली आहे.

तुम्ही डॉक्टरांना एवढंच विचारा, ट्रायल का थांबवली, दम लागला की बीपी, हार्ट, कफ, गुंगीचं औषध यापैकी काही? कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा. एक ट्रायल फसली म्हणजे संपलं असं अजिबात नाही, बहुतेक वेळा दिवसभर आराम देऊन दुसऱ्या दिवशी परत घेतात. आणि परवानगी मिळाली तर त्या वेळी त्यांच्याजवळ थांबा, ओळखीचा आवाज कानावर पडला की घाबरून श्वास वाढणं थोडं कमी होतं, हे मी आयसीयूत बऱ्याचदा बघितलंय.