स्ट्रॉबेरी वाइनचा जास्तीचा आंबटपणा: सोडा नको, आधी मोजणी

प्रश्न: हंगामाच्या अखेरच्या बारीक स्ट्रॉबेरीपासून केलेली वाइन फार आंबट लागते. तिच्यात खायचा सोडा किंवा चुना घालावा का? (महाबळेश्वर आणि वाई तालुक्यांतील शेतकरी)

उत्तर: दोन्ही घालू नयेत. खायच्या सोड्यातील सोडियममुळे वाइन खारट व बेचव होते, तर पानाच्या चुन्याची मात्रा जराशी जरी जास्त झाली तरी सामू (pH; आम्लता घटली की तो वाढतो) एकदम चढतो आणि रंग व सुगंध दोन्ही जातात.

वाइनला शिरक्याचा वास येत असेल, तर तो दोष जिवाणूंनी तयार केलेल्या ॲसिटिक आम्लाचा असतो. तो कोणत्याही क्षाराने दुरुस्त होत नाही आणि अशी वाइन सुधारण्यात पैसा घालवू नये. वास स्वच्छ असेल तर आम्लता मोजावी. दहा मिलि वाइन किंचित गरम करून त्यातील वायू घालवावा, ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याने पातळ करून फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचे थेंब घालावेत आणि टिकाऊ गुलाबी छटा येईपर्यंत ०.१ नॉर्मल तीव्रतेचे सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण सोडावे. लाल रंगामुळे ही छटा ओळखणे अवघड जाते, म्हणून सामूमापक असल्यास ८.२ हा बिंदू धरावा. लागलेल्या प्रत्येक मिलिमागे आम्लता लिटरला ०.७५ ग्रॅम (टार्टारिक आम्लाच्या हिशेबाने) येते. लिटरला ६ ते ७ ग्रॅम आम्लता बहुधा चवीला जुळते.

नाशिकच्या द्राक्ष वाइनसाठी सांगितलेले उपाय इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, याकडे माझे विशेष लक्ष वेधणे आहे. द्राक्षात टार्टारिक आम्ल असल्याने वाइन थंड ठेवली की त्याचे खडे तळाशी बसतात. स्ट्रॉबेरीत मुख्यतः सायट्रिक व त्याखालोखाल मॅलिक आम्ल असते, त्यामुळे नुसत्या थंडाव्याने फारसा फरक पडत नाही. मॅलिक आम्लाचे लॅक्टिकमध्ये रूपांतर करणारे जिवाणूही इथे जपूनच वापरावेत, कारण ते सायट्रिक आम्लापासून ॲसिटिक आम्ल व लोण्यासारखा वास तयार करतात.

माझ्या मते सर्वांत सुरक्षित उपाय कमी आंबट वाइन मिसळण्याचा आहे. आपली वाइन ९ ग्रॅमची आणि चिकूची वाइन ५ ग्रॅमची असेल, तर समप्रमाणात मिसळल्यावर आम्लता ७ ग्रॅमवर येते. ते शक्य नसल्यास खाद्य दर्जाचे कॅल्शियम कार्बोनेट वापरावे: एक ग्रॅम आम्लता उतरवण्यास लिटरला ०.६७ ग्रॅम लागते, म्हणजे दहा लिटर वाइन ९ वरून ७ वर आणण्यास सुमारे १३.४ ग्रॅम. यापेक्षा जास्त उतार एका वेळी करू नये आणि सामू ३.६ च्या वर जाऊ देऊ नये. आधी एका लिटरवर प्रयोग करून चव घ्यावी. इतके बारीक वजन स्वयंपाकघरातील काट्यावर नीट होत नाही, सोनाराच्या काट्यावर होते. भुकटी थोड्या वाइनमध्ये कालवून घालावी, कारण फेस उसळतो. कॅल्शियमचा साका सावकाश बसतो, म्हणून काही आठवडे थांबून, वाइन निवळल्यावरच बाटल्या भराव्यात.

पुढील हंगामात पूर्ण पिकलेलीच फळे घ्यावीत आणि रसाची आम्लता यीस्ट घालण्यापूर्वी मोजून, गरजेप्रमाणे साखरेचे पाणी मिसळावे. महाराष्ट्रात राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय वाइन तयार करता येत नाही, त्यामुळे परवाना नसल्यास आधी तो घ्यावा.