टाकोमा पुरेल का?

तुम्ही विचारलंत की कॅनडात कॅल्गरीला येतोय, पिकअपच घ्यायचाय, टोयोटाचा टाकोमा पुरेल की सगळ्यांसारखा फोर्डचा मोठा एफ-150 घ्यावा, आणि छोट्या ट्रकवाल्याला तिथे कमी लेखतात का. पीआर म्हणजे कायम राहण्याचा परवाना, लायसन्स वगैरे सरकारी साइटवर आहे, ते सोडतो. शेवटच्या प्रश्नावर मात्र मला बोलायचंय.

एफ-150, रॅम 1500, सिल्व्हराडो 1500 यांना इथे हाफ-टन म्हणतात. आकाराने फुल-साइज, पण कामाच्या हिशोबात लाइट-ड्यूटीच. टाकोमा, रेंजर मिड-साइज. आणि तेलाच्या साइटवर जाणारा वेल्डर वन-टन एफ-350 चालवतो, हौद्यात वेल्डिंग मशीन, मागे जोडचाकं. त्याच्या लेखी तुमचा एफ-150 म्हणजे घरगुती गाडी. मान मिळावा म्हणून मोठा घेतलात, तरी वरची पायरी उरतेच.

मी नेमकं तेच केलं. 2017 ची गोष्ट. तेलाचे भाव पडून दोन-अडीच वर्षं झाली होती, ओळखीतल्या कितीतरी जणांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. त्याच सुमारास शाळेने माझ्या मुलाला इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या वर्गात घातलं. पोरगा नाशिकला बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेला, घरी इंग्रजी पुस्तकांचा ढीग. फॉर्मवर 'घरात बोलली जाणारी भाषा' पुढे मी मराठी लिहिलं होतं, एवढंच. भेटायला गेलो तर बाई माझ्याशी एकेक शब्द सुटा करून बोलल्या. दीड वर्ष तो त्या वर्गात होता. आज तो विद्यापीठात आहे, विसरलाही असेल. मी नाही विसरलो. त्या भेटीनंतर पंधरा दिवसांत मी चार दारांचा, क्रू कॅब एफ-150 घेतला, 84 महिन्यांच्या हप्त्यांवर. शाळेसमोर उभा केला की माणूस नीट बोलेल, असं वाटलं होतं. बाईंनी ट्रक पाहिलासुद्धा नाही.

ट्रक एकोणीस फुटांहून लांब. गॅरेजचं दार जेमतेम लागतं. हप्त्यांपायी सलग तीन वर्षं गावी गेलो नाही.

विम्याचं आत्ताच करा. भारतातल्या विमा कंपनीकडून किती वर्षं पॉलिसी होती आणि क्लेम नव्हता, असं तारखांसकट इंग्रजी पत्र लेटरहेडवर घ्या. काही कंपन्या ते धरतात, काही धरत नाहीत. माझ्याकडे पत्र नव्हतं, तर अकरा वर्षं गाडी चालवलेल्या मला नवशिक्याचा हप्ता बसला. चार महिने ईमेल केले, पत्र आलं, तर म्हणाले सही ओरिजिनल हवी.

एकटेपणाचं विचारलंत. पहिला हिवाळा जड जातो, मग सवय होते.

खरं सांगायचं तर आईला फोन मी ट्रकमध्ये बसूनच करायचो. उणे तीस, थंडीत इंजिन गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरची वायर काढायची, सीट गरम व्हायची, आणि घरातल्यांना ऐकू जाणार नाही असं बोलता यायचं. तसं टाकोमातही बोलता आलं असतं.

माझ्या वडिलांचा टाटा 407 टेम्पो होता. कांदे भरून लासलगावला न्यायचे. मला वाटेत निफाडला शाळेत सोडायचे आणि मी त्यांना कोपऱ्यावरच थांबायला सांगायचो. पोरांना तो टेम्पो दिसू नये म्हणून. त्यांनी कधी कारण विचारलं नाही.

2019 मध्ये ते इथे आले. ट्रकभोवती एक फेरी मारली, मागचं फाळकं खाली घेतलं, हौद्यावरून हात फिरवला. एक ओरखडा नाही.

"यात काय भरतोस रे?"

"काही नाही, दादा."

त्यांनी फाळकं लावलं, दोनदा ओढून पाहिलं. टाकोमा घ्या.