प्रा. की डॉ., कुलगुरू की कुलपती? विद्यापीठातल्या नावांची प्रश्नोत्तरे

विद्यापीठाची वार्तापत्रे, वार्षिक अहवाल आणि स्मरणिका तपासणाऱ्या वाचकांचे प्रश्न गेल्या महिन्यात बरेच जमले. बहुतेक सगळे नावांभोवती फिरणारे आहेत. मजकुरातली चूक लोक पोटात घालतात, नावातली घालत नाहीत, त्यामुळे यात नवल काहीच नाही.

प्रश्न : आमच्याकडे सगळ्यांच्या नावामागे 'प्रा. डॉ.' लागते. एक काढले की माणसे रुसतात. दोन्ही ठेवावीत का?

एकच ठेवा. 'डॉ.' पदवीमुळे लागते, 'प्रा.' पदामुळे. पीएच.डी. असेल तर नावाआधी 'डॉ.' आणि पद नावानंतर : 'डॉ. शिंदे, सहयोगी प्राध्यापक, इतिहास विभाग'. पदाची माहिती यात नेमकी येते. महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्रत्येकाला 'प्रा.' म्हणायची आपल्याकडे रीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत मात्र सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक आणि वरिष्ठ प्राध्यापक अशा वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. वार्तापत्रात पीएच.डी. नसलेल्यांना 'प्रा.' लावायला माझी हरकत नाही. वार्षिक अहवालात मात्र नुसते नाव आणि पुढे पद लिहा.

रुसणाऱ्यांना एक दाखवून द्या. मराठीत आदर उपाधीपेक्षा क्रियापदात अधिक असतो. 'शिंदे म्हणाले', 'शिंदे यांनी सांगितले' यात मान कुठेच कमी होत नाही. काही उपाधी नावालाच चिकटतात हे खरे. पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झालेले परांजपे आजही 'रँग्लर परांजपे' म्हणूनच ओळखले जातात. पण ते लोकांनी चिकटवलेले असते, संपादकाने नव्हे.

जाता जाता : 'सहाय्यक' नव्हे, 'सहायक'. मदत या अर्थाचे नाम 'साहाय्य'. दोन्हींची सरमिसळ होऊन 'सहाय्यक' तयार झाला आणि निम्म्या दारांवरच्या पाट्यांवर जाऊन बसला.

प्रश्न : विभागातील एका बाईंचे सेवापुस्तकातले नाव लग्नानंतरचे, शोधनिबंधांवरचे माहेरचे. कोणते छापावे?

त्या सांगतील ते. त्यांना विचारायला एक फोन पुरतो, तरी तो कोणी करत नाही. एका स्मरणिकेची मुद्रिते (प्रूफे) माझ्याकडे आली होती. त्यात एकच प्राध्यापिका तीन ठिकाणी तीन नावांनी होत्या : समितीच्या यादीत सासरचे आडनाव, लेखावर माहेरचे आणि छायाचित्राखाली दोन्ही, वर 'सौ.'. वाचणाऱ्याला तीन वेगळ्या बाई वाटाव्यात. विचारल्यावर कळले की त्यांना माहेरचेच नाव हवे होते आणि तसे त्यांनी अर्जात लिहूनही दिले होते.

'सौ.', 'कु.', 'श्रीमती' विद्यापीठीय मजकुरातून काढूनच टाका. पुरुषाच्या नावावरून त्याचे लग्न झाले आहे की नाही हे कळत नाही, तर बाईच्या नावावरून का कळावे? 'डॉ. सौ.' तर दुहेरी ओझे. हा नियम संस्थेच्या नावाला मात्र लावू नका. १९१६ साली सुरू झालेल्या महिला विद्यापीठाचे पूर्ण नाव 'श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ' असेच आहे. त्यातली 'श्रीमती' नावाचा भाग आहे, तिला हात लावायचा नाही.

मधल्या नावाचेही तेच. कोणी वडिलांच्या वा पतीच्या नावाऐवजी आईचे नाव लावत असेल, तर ती चूक समजून 'दुरुस्त' करू नका. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदींत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम आला आहे. ही मुले प्रवेशअर्ज भरतील तेव्हा तीन रकान्यांचा तक्ता त्यांना अपुरा पडणार.

प्रश्न : 'आर. बी. पाटील' हे मराठीत 'रा. भा. पाटील' करावे का?

नको. आद्याक्षरांचे भाषांतर करायचे नाही. माणूस ज्या रूपाने ओळखला जातो ते रूप घ्या. एकाच माणसाची दोन रूपे रूढ असतील तर एका मजकुरात एकच चालवा. दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले देशमुख 'सी. डी.' आहेत आणि 'चिंतामणराव'ही. दोन्ही बरोबर, पण पहिल्या परिच्छेदात एक आणि तिसऱ्यात दुसरे आले की वाचक अडखळतो. आद्याक्षरांमध्ये पूर्णविराम आणि जागा दोन्ही ठेवा : 'आर. बी. पाटील', 'आर.बी.पाटील' नव्हे.

परीक्षा विभागाच्या यादीतून नाव उचलताना 'पाटील संजय' असे आडनाव पुढे असते, ते वाक्यात उलटून घ्या. आडनावाच्या ऱ्हस्व-दीर्घात मात्र संपादकाने पंडिती करू नये. शब्द म्हणून 'दीक्षित' बरोबर. पण कोणी स्वतःची सही 'दिक्षित' अशी करत असेल तर छापतानाही तेच.

प्रश्न : हिंदी बातमीत 'कुलपति' असते, मराठीत काय लिहावे?

ही फसवी जागा आहे. हिंदीत 'कुलपति' म्हणजे बहुधा आपला कुलगुरू, आणि आपल्या कुलपतींना हिंदीत 'कुलाधिपति' म्हणतात. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती राज्यपाल असतात. त्यामुळे हिंदीतला शब्द तसाच उचलला की कुलगुरूंची बातमी थेट राज्यपालांच्या दारी जाऊन पडते. मराठीतली पदनामे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधून घ्या : कुलपती, कुलगुरू, प्र-कुलगुरू, अधिष्ठाता, कुलसचिव. मंडळांचेही तसेच : अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद. मथळ्यात 'सिनेट' चालेल, ठरावाच्या मजकुरात 'अधिसभा'च.

लेखन : सुटा शब्द 'कुलगुरू' दीर्घ, 'कुलगुरूंनी' दीर्घ, पण समासात पहिला आला की ऱ्हस्व, म्हणजे 'कुलगुरुपद'. 'अधिष्ठाता'चे 'अधिष्ठात्यांनी' होते, जसे 'नेता'चे 'नेत्यांनी'. 'अधिष्ठातांनी' असे काही नाही. बाई त्या पदावर असल्या तरी पदनाम तेच राहते. 'कुलगुरू म्हणाल्या', 'अधिष्ठाता म्हणाल्या' लिहा, लिंग क्रियापद सांगते. 'प्राध्यापिका', 'संचालिका' रुळले आहेत, ते बातमीत खुशाल वापरा. पण नियुक्तीच्या आदेशातले पदनाम बदलू नका.

प्रश्न : विभाग, शाखा, विद्याशाखा, प्रशाला यांत फरक आहे का?

आहे, आणि तो उतरंडीचा आहे. विद्याशाखा मोठी, तिच्यात विभाग. काही विद्यापीठांत अनेक विभागांची मोट बांधून प्रशाला केलेली असते. 'शाखा' हा बोलण्यातला शब्द, तो मुलांच्या तोंडी राहू द्या. २०१६च्या कायद्याने विद्याशाखा चारच ठेवल्या आहेत. कला शाखेचे विषय त्यांतल्या मानव्यविद्या विद्याशाखेत सामावले, तरी 'कला विद्याशाखेचे अधिष्ठाता' असे अजून छापून येते. जुन्या मजकुरावरून नवा बेतला की असे होते.

विभागाचे नाव दारावरच्या पाटीवरून घेऊ नका, विद्यापीठाच्या अधिकृत यादीवरून घ्या. पाटीवर 'भौतिकी', पत्रशीर्षावर 'पदार्थविज्ञान' आणि संकेतस्थळावर 'भौतिकशास्त्र' असा प्रकार मी पाहिला आहे. यादीत 'व' असेल तर 'आणि' करू नका. पहिल्यांदा पूर्ण नाव, नंतर नुसते 'विभाग'. 'इतिहास विभाग' तोडून लिहा, 'विभागप्रमुख' जोडून. 'खाते' शासनाचे असते, विद्यापीठाचे नव्हे.

प्रश्न : एका प्राध्यापकांनी १९९० साली मराठवाडा विद्यापीठातून पीएच.डी. केली. परिचयात आजचे नाव लिहायचे का?

त्या वेळचे नाव लिहा आणि गरज वाटली तर कंसात एकदा 'आताचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असे द्या. त्यांच्या पदवीपत्रावर जे आहे तेच परिचयात हवे. १४ जानेवारी १९९४ रोजी झालेल्या बदलाला 'नामविस्तार' म्हणतात. विधिमंडळाने १९७८ साली ठराव केला तो 'नामांतरा'चा, आणि लढाही त्याच नावाने ओळखला जातो. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी टाकू नका, त्यामागे सोळा वर्षे आहेत.

पुण्याचेही असेच. २०१४पूर्वीच्या पदवीला 'पुणे विद्यापीठ', नंतरच्या पदवीला 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ'. जागा वाचवायला 'फुले विद्यापीठ' करू नका, राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. जुन्या पदांनाही हेच लागू. १९८५ साली कोणी 'प्रपाठक' (रीडर) असेल तर त्या काळाबद्दल लिहिताना प्रपाठकच, आजचा 'सहयोगी प्राध्यापक' मागे नेऊन चिकटवायचा नाही.

प्रश्न : निवृत्त होऊन वारलेल्या प्राध्यापकांच्या नावामागे 'कै.' लावावे का?

श्रद्धांजलीच्या मजकुरात 'दिवंगत' लिहा. 'कै.' म्हणजे कैलासवासी, आणि प्रत्येकाला कैलासालाच जायचे असते असे नाही. पारितोषिकाच्या अधिकृत नावात 'कै.' असेल तर ते देणगीदारांनी ठरवलेले नाव, तसेच राहील. इतर मजकुरात काहीच लावू नका. पन्नास वर्षांपूर्वीच्या विभागप्रमुखांना आज 'दिवंगत' म्हणून वाचकाला नवी माहिती कोणती मिळते?