पेट्रोलचे पैसे कॅपमध्ये धरायचे का?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या गावच्या फुटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) क्लबची खजिनदारी तुमच्याकडे आलीय आणि मेलबर्नहून येणाऱ्या खेळाडूंच्या पेट्रोलचे पैसे सॅलरी कॅपमध्ये धरायचे का, असं तुम्ही विचारलंय. आमचा एक अख्खा सीझन याच प्रश्नाने खाल्ला.

कॅप म्हणजे क्लबने खेळाडूंना द्यायच्या एकूण पैशांची मर्यादा, आणि पॉइंट्स म्हणजे प्रत्येक खेळाडूवर धरलेले गुण, ज्यांची संघातली बेरीज मर्यादेत ठेवावी लागते. आम्ही सीझनआधी लीगच्या ऑफिसला फोन केला. "द्या की, सगळेच देतात," असं उत्तर मिळालं. लेखी मागितलं, पुन्हा आठवण केली, पण ईमेलला उत्तर आलंच नाही. पुढे तपासणीत तीच रक्कम कॅपमध्ये धरली, मर्यादा ओलांडली म्हणून गुणतक्त्यातले प्रीमियरशिप पॉइंट्स कापले आणि आमची फायनल्स हुकली. फोनवर बोललेला माणूस तोवर नोकरी सोडून गेला होता. शनिवारी पहाटे मैदानावर रेषा मारणाऱ्या, कँटीन सांभाळणाऱ्या लोकांना हे काय म्हणून सांगायचं? मला अजून राग येतो.

म्हणून लेखी उत्तर हातात येईपर्यंत पेट्रोल, घरभाडं, स्पॉन्सरने परस्पर दिलेले पैसे, सगळं कॅपमध्ये धरा. दर लीगचे नियम वेगळे असतात, मी वकील नाही. टॅक्सचं अकाउंटंटला विचारा.

कॅप हवीच, या मताचा मी आहे. व्हिक्टोरियात २०१६ ला पॉइंट्स आले, २०१७ पासून कॅप. त्याआधी एकेका नावाजलेल्या खेळाडूपायी क्लब कर्जात जायचे. पण आमच्या लीगमध्ये शहराजवळच्या क्लबला आणि दोन तास लांबच्या क्लबला कॅप एकच. लांबच्याची निम्मी रक्कम रस्त्यातच जाते. शिवाय पाकिटातून रोख देणारा सुटतो आणि हिशेब चोख ठेवणारा सापडतो. २००२ मध्ये एएफएल या देशातल्या सर्वोच्च फुटी लीगमधला कार्लटनसारखा क्लब पकडला गेला, नऊ लाख डॉलरहून जास्त दंड झाला, ड्राफ्ट पिक्सही (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) गेले. पण एएफएलकडे तपास करायला माणसं आहेत. गावच्या लीगमध्ये कोण आहे?

जाता जाता एक. क्लबच्या ज्युनियरमधून आलेल्या खेळाडूचा एकच पॉइंट धरतात, आणि बाहेरचा खेळाडू टिकला तर त्याचे पॉइंट्स दरवर्षी उतरतात. त्यामुळे पैसा ज्युनियर कोचवर घाला. क्लिअरन्स (खेळाडूला क्लब बदलायची परवानगी) ३० जूनला बंद होतात, तेव्हा ऑफिसला आजच ईमेल करा आणि उत्तर आलं की कमिटीच्या मिनिट्सना जोडून ठेवा.